एका पोराचा वर्ग

"मुलांनो, मागं कोण बोलतंय?"

मॅडम असं विचारायच्या तेव्हा वर्गात मी एकटाच असायचो, आणि तोही पहिल्या बाकावर. तरी मी इमानदारीत वळून बघायचो. मागं रिकामे बाक, त्यांच्यामागं दगडांनी भरलेली काचेची कपाटं.

"मॅडम, मागं कुणीच नाही."

"मग तूच असणार," असं म्हणून त्या फळ्याकडं वळायच्या. "हां, तर मुलांनो..."

सांगलीतल्या आमच्या कॉलेजात जिऑलॉजी हा विषय होता. पदवीच्या शेवटच्या वर्षाला त्या विषयाचा विद्यार्थी मी एकटा, आणि शिकवणाऱ्या त्या एकट्या. तुम्ही म्हणाल, काय चैन असेल! एकदा असं बसून बघा. डुलकी काढता येत नाही, दुसऱ्याच्या नावानं हजेरी लावता येत नाही. सामूहिक दांडी मारायलाही निदान दोघं लागतात. मी एकदा एकट्यानंच सामूहिक दांडी मारली, तर मॅडम भर दुपारी छत्री घेऊन होस्टेलच्या फाटकात हजर. पर्समधून हातोडीचा दांडा बाहेर आलेला. मला बघून म्हणाल्या, "अख्खा वर्गच गैरहजर! म्हटलं, साथबिथ आली की काय."

या विषयात मी पडलो तो माझ्या अकलेनं. प्रवेशाच्या दिवशी केमिस्ट्रीची रांग थेट सायकल स्टँडपर्यंत गेली होती. जिऑलॉजीच्या टेबलापुढं कुणी नव्हतं आणि टेबलावर पंखा होता. मी वाऱ्याला म्हणून तिथं टेकलो. मॅडमनी पुढ्यातले शेंगदाणे माझ्याकडं सरकवले आणि नाव विचारलं. उठलो तेव्हा माझा प्रवेश झालेला होता.

मॅडम मिरजेच्या. बुटक्या, चष्मा कपाळावर. वडील तंबोरे बनवायचे. "आमच्या घरात भोपळे वाजवून बघतात, मी दगड वाजवते, एवढाच फरक," असं म्हणायच्या. दगड हातात घेतला की वरून कधी मत द्यायच्या नाहीत. "आधी फोड, मग बोल" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वरचा दगड उन्हापावसानं बदललेला असतो, खरा रंग आत असतो, हे त्यातलं शास्त्र. मी मात्र नेमका उलटा. आधी बोलायचो.

एकदा त्यांनी एक तुकडा पुढं ठेवला. सिमेंटी रंग, आत बारीक गोटे. मी रंगात आलो. हा गोट्यांचा खडक, प्राचीन नदीच्या पात्रात तयार झाला, नदीला तेव्हा पूर आला असणार वगैरे बरंच सांगितलं. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? हा आपल्या छताचा तुकडा आहे. सकाळी पडलाय."

अभ्यास सहलीला आम्ही माणात गेलो, म्हणजे माझ्याच तालुक्यात. 'आम्ही' म्हणजे मॅडम आणि सगळा वर्ग. परतताना एसटीत दगडांची पिशवी बघून कंडक्टर वैतागला. "आवं बाई, दगडाशिवाय काय पिकतंय का हितं? त्येबी न्यायला लागलाय व्हय?"

"लगेजचं तिकीट फाडा," मॅडम म्हणाल्या, "पण पिशवीला पाय लावू नका."

त्याच वर्षी विद्यापीठाचं परिपत्रक आलं. विषयाच्या शेवटच्या वर्षात एकही विद्यार्थी नसेल तर तो विषय बंद. माझ्या मागच्या वर्षात कुणीच नव्हतं. त्याच्या मागं, पहिल्या वर्षात, मात्र चार-पाच पोरं होती, दगडांना चटावलेली. मधलं एक वर्ष कुणीतरी शेवटच्या वर्गात बसायला हवं होतं. मॅडम प्राचार्यांकडं गेल्या, विद्यापीठात गेल्या, परत गेल्या. दरवेळी येऊन एकच सांगायच्या, "बघू म्हणालेत." शेवटी शेवटी त्यांनी हेही सांगणं सोडलं. नुसती पर्स टेबलावर आपटायच्या.

माझ्या डोक्यात आयडिया आली. "मॅडम, मी नापास होतो. पुढच्या वर्षी मीच बसतो."

मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी येईल. त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली, हे माझं नशीब.

"तुझा बाप मुंबईत पाठीवर पोती वाहतो, ते तू माझी कपाटं राखावीस म्हणून?"

"एकच वर्ष तर आहे, मॅडम..."

"उद्यापासून सकाळी आठला यायचं. सगळ्यांनी!"

आणि परीक्षेपर्यंत त्यांनी मला असं रगडलं की झोपेतही मला खनिजांची नावं यायची. पण मीही माणातला. एक पेपर मी ठरवून बुडवायला घेतला. ज्वालामुखीच्या प्रश्नाला गावच्या कुस्त्यांच्या फडाचं वर्णन लिहिलं. नामनिर्देशित आकृती काढा म्हटलं होतं, तर दोन पैलवान काढले आणि त्यांना नावंही दिली. शेवटच्या प्रश्नाला आईच्या हातच्या हुलग्याच्या माडग्याची कृती लिहिली. निश्चिंत मनानं बाहेर पडलो.

निकाल लागला. मी पास, आणि पैलवानांच्या पेपरात सगळ्यात जास्त मार्क! याच विद्यापीठानं आदल्या वर्षी, मी घाम गाळून लिहिलेल्या पेपरात मला गैरहजर दाखवलं होतं. तेव्हा मी हजर होतो हे पटवायला माझ्या चपला झिजल्या. आता मी नापास आहे हे पटवायला गेलो.

खिडकीत एक पोक्त गृहस्थ होते. "फेरतपासणी? किती वाढायला पायजेत?"

"कमी व्हायला पाहिजेत. नापास होईपर्यंत."

त्यांनी चष्मा काढला आणि शेजारच्या टेबलाला हाक मारली. "आवं, जरा हिकडं या. ह्यास्नी मार्क लय पडल्यात."

दोघांनी मिळून मला आपादमस्तक बघितलं. मग खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "गड्या, वाढवायची सोय हाय आपल्याकडं. कमी करायची न्हाई. फार तर तक्रार कर."

"कुणाविरुद्ध?"

"तुझ्याच की रं. दुसरं कोन हाय ह्यात?"

मॅडमना हे सगळं सांगितलं, पैलवानांसकट. वाटलं होतं, हसतील. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"नीट नापास होण्याइतकंही लक्ष दिलं नाहीस ना वर्गात?"

मग हात पुढं केला. "पेढे कुठायत?"

पेढे आणले नव्हते. तसाच स्टँडच्या बाजूला पळालो. परत आलो तेव्हा त्यांनी कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवलेला होता. त्यांनी पेढा खाल्ला, जुडगा पर्समध्ये टाकला, परत बाहेर काढून ठेवला.

जूनमध्ये विषय बंद झाला. चटावलेली पोरं केमिस्ट्रीत वाटली गेली. मॅडमची नोकरी थोडी उरली होती, म्हणून त्यांना पर्यावरण शिकवायला दिलं. हा विषय सक्तीचा, आणि त्याला सक्तीनं कुणी येत नाही. आमच्या खोलीत कॉम्प्युटर आले. मी साताऱ्याला एमआयडीसीत चिकटलो.

पदवीचं प्रमाणपत्र न्यायला परवा सांगलीला गेलो. मॅडम भेटतील म्हणून पेढे आधीच घेतले होते. ऑफिसात कळलं, त्या निवृत्त होऊन बंगलोरला मुलीकडं गेल्या. पिशवी घेऊन बाहेर आलो, तर नव्या बागेच्या कडेनं दगडांची रांग दिसली. एक पांढरा, एक गेरूनं रंगवलेला, परत एक पांढरा. जवळ गेलो आणि आकारावरून ओळखीचे वाटायला लागले. राजस्थानचा संगमरवर, कोकणातला जांभा, कर्नाटकातला ग्रॅनाइट. आमच्या कपाटांतल्या सगळ्या दगडांना चुना नाहीतर गेरू फासला होता. मी खाली बसून नखानं एक खरवडायला लागलो.

"आवं सायेब, काय करताय?" माळीमामा पाइप टाकून आले. "आता तुमी सुरू केलं व्हय? त्या बाई हुत्या न्हवं, दगडाच्या? डबा खाल्ला की हितं यून बसायच्या. रोज एक दगड धुवून काढायच्या, घासून घासून. आमी परत रंगवायचा. त्या परत धुवायच्या. बोलावं तर मोठं मानूस."

मामांनी माझ्या नखानं पडलेला ओरखडा निरखून बघितला, आणि मग सगळ्या रांगेवरून नजर फिरवली.

"आता म्हैना झाला बगा, एका बी दगडाला कुनी हात लावला न्हाई. कशी एकसारकी दिसतीया रांग."