टिटवीच्या अंड्यांवरचं निळं फडकं

पाखरं बघायला म्हणून माणूस बागेत जातो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंडावर हसलो होतो. मी पाचोडकडचा, धनगराचा. लहानपण सगळं मेंढरांमागं गेलेलं. आमच्याकडं पाखरू कामापुरतं. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस लई, पावशा ओरडला की पेरणीचं बघा. संपलं.

ज्याच्या तोंडावर हसलो, तो कंपनीत माझ्या शेजारच्या लेथवर होता. दोन-तीन वर्षांनी मोठा, बौद्ध घरातला, बोलायला कमी. मी त्याला दादा म्हणायचो. चिकलठाण्याकडं तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि गावाकडची आमच्यासारखी माणसं त्यात भराभर लागत होती. माझी खोली गारखेड्यात. दुसरी पाळी असली की सकाळ रिकामी. "लोळत काय पडतो गड्या, चल," म्हणत तो मला एकदा जवळच्या बागेत घेऊन गेला. गळ्यात जुन्या बाजारातनं घेतलेली दुर्बीण.

थंडीचे दिवस होते. हिरवळीवर शेपटी हलवत एक पाखरू पळत होतं. मी म्हटलं, "हे व्हय? हे तर आमच्या मेंढरांच्या पायात असतं." दादा म्हणाला, "धोबी. हिमालयाकडनं येतो हा, दरसाल." म्हटलं, थापा मारू नको. पण त्यानं दुर्बीण हातात दिली आणि मी बघतच राहिलो. एवढंसं पाखरू एवढ्या लांबून येतं, आमच्या पायांत फिरतं, आणि आमच्या सात पिढ्यांना पत्ता नाय! त्या दिवसापासून मी त्याचं शेपूट झालो.

उन्हाळ्यात तांबट दिवसभर टुक टुक करायचा, तर दादा म्हणायचा, "ह्याची पाळी काय संपत नाय बघ." पावसाळ्यात बाभळीवर सुगरणीचा नर जीव तोडून खोपा विणायचा आणि मादी येऊन नाक मुरडून जायची. "माल रिजेक्ट!" आम्ही दोघं एकदम ओरडायचो. आठवलं की अजून हसू येतं.

आणि त्याच वर्षांत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावरून सगळा मुलूख दुभंगला. गावागावांत वस्त्या जळाल्या. कंपनीत डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडायला लागले. माझे घरमालक, ज्यांना मी काका म्हणायचो, एक दिवस म्हणाले, "त्याच्यासंगं फिरायचं बंद कर. लोक बोलायलेत." मी खरं तर भांडकुदळ माणूस, पण तिथं मूग गिळून बसलो. दादाबरोबर रस्त्यानं चालायचं मी सोडलं. बागेत भेटायचो, तेही आजूबाजूला बघून. सांगताना लाज वाटते. असा माणूस मी निव्वळ भित्रेपणानं गमावायला निघालो होतो.

त्या उन्हाळ्यात बागेच्या कडेच्या मोकळ्या तुकड्यात टिटवीनं चार अंडी घातली. उघड्यावर, खड्यांत खडे. तिथं पोरं खेळायची, माणसं फिरायची. आमच्यात रानात अशी अंडी दिसली की भोवती दगड मांडतात आणि काठीला फडकं बांधून रोवतात. मेंढरं फडकं बघून बाजूनं जातात. मी तेच केलं. फडकं म्हणून कंपनीच्या जुन्या शर्टाची बाही फाडली. ती निळी होती. त्या दिवसांत त्या शहरात काठीला निळं फडकं बांधून रोवलं तर लोक त्याला काय समजतील, हे माझ्या मेंढरी डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर पंधरा-वीस माणसं जमलेली. "बागेत झेंडा कुणी रोवला?" वर टिटव्या किंचाळत घिरट्या घालत होत्या आणि मधोमध, अंड्यांकडं पाठ करून, दादा एकटा उभा.

"झेंडा नाय, खूण हाय. खाली अंडी हायेत," तो शांतपणे सांगत होता.

"आम्हाला शिकवतो का? तूच रोवलास!"

गर्दीत काका होते. मी लिंबाच्या झाडामागं थांबलो. आमची ही रीत दादाला मीच सांगितली होती, म्हणजे काठी माझी हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझं नाव घेतलं असतं तर तो सुटला असता. त्यानं घेतलं नाही. कुणीतरी त्याची गचांडी धरली, आणि मग मात्र मी धावलो.

"फडकं माझं हाय! सोडा त्याला!"

काका म्हणाले, "तू? आरं, तू तर आपला."

"हा बी आपलाच हाय," मी ओरडलो. रडत होतो बहुतेक. खाली बसून अंडी दाखवली. करमाडकडचे एक म्हातारे वाकून म्हणाले, "व्हय, धनगर असंच करतेत." गचांडी सुटली. माणसं पुटपुटत पांगली.

काकांनी दुपारी खोली रिकामी करायला सांगितली. ट्रंक उचलून मी दादाकडं गेलो आणि पुढं चार महिने त्याच्या आईच्या हातचं जेवलो. त्या घराचे उपकार मी कुठं फेडू? पिल्लं निघाली, तीन. आम्ही दोघं रोज बघायला जायचो, सरळ रस्त्यानं, बरोबर.

एकदा परत येताना धीर करून सांगितलं, "दादा, त्या दिवशी मी आधीच आलो होतो. झाडामागं उभा होतो."

"दिसला होतास की."

"मग नाव का नाय घेतलंस माझं?"

"घेतलं असतं तर त्यांनी तुला ओढून आणलं असतं," तो म्हणाला. "म्हटलं, थांबू जरा. आपल्या पायानं येऊ दे."