आखाजीच्या फुलांना गेलो तेव्हा

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलींना नाही. देवापुढेसुद्धा नुसते हात जोडले, तोंड उघडलं नाही. आज तुमच्यापाशी बोलते आहे – कसं बोलणार, ते मात्र अजून ठाऊक नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, तशी माझी चुलतबहीण सुमन पिंपळनेरकडच्या सासरहून आली होती. गौराईला फुलं हवीत म्हणून आम्ही दोघी तापीच्या पात्रात उतरलो. पाणी आटून पार पलीकडच्या काठाला गेलेलं, अलीकडे नुसती वाळूच वाळू. तिच्यात रुई फुललेली, आणि जमिनीलगत भुईरिंगणीची जांभळी फुलं – काट्यांतून खुडावी लागतात ती. मी खुडत होते, बडबडत होते. कशाबद्दल? दुसऱ्या कशाबद्दल असणार – तिच्या दिराबद्दल. धुळ्याला नोकरी, घरात नळ, आणि त्याच्यासाठी माझी बोलणी चाललेली. रंगावरून मला आधी दोन ठिकाणी नाकारलं होतं.

सुमन खाली बसली. पाठीवरचा पदर बाजूला करून तिने पोलकं वर केलं. तापल्या चिमट्याचे डाग होते, काही अजून ओले. सासूने दिलेले.

"माले तठे परत जानं नही," ती म्हणाली. "तू आबास्ले सांग. तुन्हं त्या ऐकतीन."

आबा म्हणजे तिचे वडील. बापाशी असलं बोलायला तिची जीभ रेटत नव्हती – आमच्याकडे तेव्हा कुणाची रेटायची? मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं का? वाळू भाजायला लागली, आम्ही घाईने परतलो, आणि वाटभर माझ्या डोक्यात एकच – आबा भडकणार, सोयरीक मोडणार, माझं लग्नही मोडणार.

संध्याकाळी आबांनीच विचारलं, "काय म्हणे सुमन? बरी शे ना तठे?"

"बरी शे," मी म्हणाले.

कुणी माझ्या गळ्यावर सुरी धरली नव्हती. सासरी परत निघताना सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिला वाटलं असणार – हिने सांगितलं, आणि आबांनीच नाही म्हटलं.

आषाढात ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं तिकडून कळवलं. गावात कुजबुज झाली तेव्हा आबाच सगळ्यांना म्हणाले, पोर सुखात होती, हिने विचारलं होतं तिला. त्यांच्या त्या शब्दावर पुढे माझं लग्न झालं, त्याच घरात. सासूने मला कधी बोटसुद्धा लावलं नाही. दर आखाजीला मला न्यायला आबा स्वतः यायचे.

शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून म्हणाले, "तू सांगं म्हणीसन माले धीर व्हता."

पोर सुखात होती हे मी सांगितलं, त्याच धीरावर ते इतकी वर्षं जगले होते. मी नुसती मान हलवली. म्हाताऱ्याला सुखाने जाऊ द्यावं म्हणून गप्प राहिले, असं म्हणता येईल. खोटं आहे ते. तेव्हाही मला माझाच संसार दिसत होता.

आबा निश्चिंत गेले. सुमन गेली ती, बापाला आपण नकोशा झालो, असं समजून.