दोनची गोळी

वॉर्डातले सगळे त्यांना पाठीमागे घड्याळबाई म्हणत, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. बावीस वर्षं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात सिस्टर. सहाची गोळी सहाला, दोनची दोनला. सव्वादोन झाले की शिकाऊ नर्सच्या तोंडचं पाणी पळायचं. राउंडला उशीर झाला तर डॉक्टरसुद्धा मागच्या जिन्याने येत.

अशा बाईंच्या हातून जे झालं ते निष्काळजीपणाने झालं असतं, तर निदान रडायला सोपं गेलं असतं. झालं ते शिस्तीने.

त्यांचा धाकटा भाऊ काचकाम करायचा. खिडक्यांच्या काचा कापायच्या आणि लोकांच्या घरी जाऊन बसवायच्या. आई गेल्यापासून ताई म्हणेल ती त्याची पूर्व दिशा. त्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन बाईंच्याच वॉर्डात झालं. घरी सोडताना त्यांनी तक्ता पाहिला. आदल्या अख्ख्या दिवसात त्याने दुखण्याची एकच गोळी मागितली होती. पण घरी जायच्या कागदावर 'तीस गोळ्या' हे आधीच छापलेलं असायचं, मग पित्ताशय असो की खुबा. डॉक्टरांनी खाली सही ठोकली. गोळी अफूच्या जातीची, सवय लावणारी आहे, हे डॉक्टरांनाही माहीत होतं आणि बाईंनाही. एकावर भागतंय त्याला तीस कशाला, असं बाईंच्या मनात आलं आणि गेलं. छापील कागदाशी कोण हुज्जत घालणार?

"सहा, दोन, दहा," त्यांनी भावाला बजावलं. "दुखो न दुखो, चुकवायची नाही. मग कळा यायला लागल्या की धावपळ होते."

"नाही चुकवणार, ताई."

नाहीच चुकवली. दहा दिवसांत तीस संपल्या. अकराव्या दिवशी त्याला दरदरून घाम फुटला, पाय ओढू लागले, डोळ्याला डोळा लागेना. जखम अजून दुखत असेल, असं समजून बाईंनीच डॉक्टरांकडून आणखी तीस लिहून घेतल्या. ही गोळीची तलफ आहे, हे इतक्या अनुभवी बाईला कळू नये? परक्याचं असतं तर चटकन कळलं असतं.

चार महिन्यांनी एका दुपारी भावजय वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, यांचे हात थरथरतात. काच धरवत नाही." एवढं बोलली आणि तिचा बांध फुटला. "कामाला जातात त्या घरांतली औषधांची कपाटं उघडतात हो. काल एका म्हातारीच्या गोळ्या उचलल्या. खुबा मोडलाय तिचा. दिवसभर कण्हत पडली होती म्हणे."

भावजयीचा हात बाईंनी धरलाच होता, तेवढ्यात जिना चढून भाऊच आला. गालफडं बसलेली, शर्टाला घाम. बायको तिथे उभी आहे हे त्याला दिसलंच नाही. त्याची नजर बाईंच्या कमरेला लटकणाऱ्या, दारालगतच्या औषधांच्या कपाटाच्या किल्ल्यांवर होती.

"ताई, एक दे. एकच."

"नाही."

"मरेन गं मी."

"मरत नाहीस. आत्ता तुला भरती करते. हळूहळू सोडवू. मी डॉक्टरांशी बोलते."

"उद्या कर भरती. आज एक दे."

"अरे, पण हे असं घ्यायला लागलास कधी? मला का नाही सांगितलंस?"

तो खरंच गोंधळला. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता.

"तुला काय सांगायचं? तूच म्हणालीस ना, दुखो न दुखो, चुकवायची नाही." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "दोन वाजून गेले, ताई."

त्याच सकाळी बाईंनी चार जणांना तोच कागद आणि तीच ताकीद देऊन घरी पाठवलं होतं. किल्ल्या मुठीत दाबून त्या कपाटाला पाठ टेकून उभ्या राहिल्या, आणि धाकटा त्यांच्या पायाशी बसून लहानपणी रडायचा तसा हमसून हमसून रडू लागला.