सतरा नंबरचा डबा

"कान पकडा आजी, म्हणजे सगळ्यांना कळेल."

संस्थेच्या मॅडम माइकवर बोलत होत्या. मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. स्टेजवर माझी आय उभी होती. खुबा मोडलेला, उजव्या हातात काठी. तिनं डाव्या हातानं डावा कान पकडला. "दोन्ही," मॅडम हसत म्हणाल्या, बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं. कुणीतरी पुढं होऊन आयच्या हातातली काठी काढून घेतली. आयनं दोन्ही कान पकडले आणि ती डुलायला लागली. तिला धरायला कुणी आलं नाही. फोटो मात्र काढले.

पुढच्या रांगेत मुंबईचे देणगीदार होते. ते हसले. मागं आमच्याच पाड्यावरची माणसं होती. त्यातलेही काही हसले. ते मी विसरलेली नाही.

मी स्टेजच्या पायरीशी उभी होते. अंगावर नवी साडी, हातात कागद. मीही जागची हलले नाही.

संस्थेचं नाव सांगत नाही. त्यांचं नाव आधीच सगळ्या भिंतींवर रंगवलेलं आहे, मी आणखी कशाला रंगवू? एकट्यादुकट्या, अधू म्हाताऱ्यांना रोज दुपारी जेवणाचा डबा पोचवायचा, हे त्यांचं काम. काम चांगलं आहे. मी आजही तसंच म्हणते. लावणीच्या दिवसांत आय बांधावरून पडली, तेव्हा मी आसनगावजवळ एका गोदामात पॅकिंगला जात होते. घरात आम्ही दोघीच. आय चुलीपुढं बसली की उठू शकत नव्हती. मी गोदाम सोडलं. मग संस्थेनं आयला डबा लावला आणि मला त्यांच्या स्वयंपाकघरात डबे घासायचं काम दिलं. डब्यांवर लाल रंगानं नंबर होते. आयचा सतरा. दुपारी टेम्पोवाला भरलेला डबा ठेवून पुढं जायचा, परतताना जेवून झालेला घेऊन यायचा, आणि तो मीच घासायची.

फक्त घासायचं. पोळीभाताला आम्ही पाड्यावरच्या बायकांनी हात लावायचा नाही. स्वच्छतेसाठी, असं सांगितलं होतं. दिवसभर साबणात बुडालेल्या हातांपेक्षा स्वच्छ हात कुणाचे असतील? पण मी विचारलं नाही. पोटासाठी आलेल्या बाईला प्रश्न परवडत नाहीत.

आता आमच्याकडची रीत सांगते, कारण सगळं त्यावरूनच झालं. शेजाऱ्याचं भांडं घरात आलं तर ते रिकामं परत जात नाही. मूठभर तांदूळ, चार शेंगा, काहीच नसेल तर चिंचेचा गोळा. रिकामं भांडं फक्त त्याला, ज्याच्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही. हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. चालायला लागलेली पोरसुद्धा रिकामी वाटी घेऊन परत जात नाही. आयला संस्थेचा डबा शेजाऱ्याकडून आल्यासारखा वाटला. तिची चूक एवढीच.

पहिल्यांदा तिनं डब्यात रानातल्या कंदांचे, करांद्यांचे, दोन उकडलेले नग ठेवले. माझ्याआधी डबा उघडला वहिनींनी. वहिनी म्हणजे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई, मॅडमच्या नात्यातल्या. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत एकेक करांदा उचलला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला. मग साबण लावून हात धुतले.

"यांच्या घरचं कोण खाणार? हात तरी धुतात का ही माणसं?"

मला ऐकू जावं म्हणून नव्हत्या बोलल्या. मी तिथं आहे हेच त्यांच्या लक्षात नव्हतं. मी शेजारीच उकिडवी बसले होते, आणि ते करांदे माझ्या आयनं कंद खणणाऱ्या पोरींकडून मागून घेऊन, बसल्या जागी पातेल्यात उकडले होते. मी मान खाली घालून डबा घासला. आयची लाज वाटली मला. वहिनींची नाही, आयची. खरं तेच आहे.

दुसऱ्या दिवसापासून टेम्पो आला की मी धावत जाऊन सतरा नंबर आधी काढायची. आत जे असेल ते पदरात घ्यायची आणि घरी जाताना ओहोळात टाकायची. नवे तांदूळ टाकले. वालाचे दाणे टाकले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी मी रोज ओहोळात उघडत होते. आयला नको ठेवू म्हणून सांगायला तोंड झालं नाही. का नको, हे सांगावं लागलं असतं.

उलट एकदा तिनं विचारलं, बाईला आवडतं का गो? मी म्हणाले, आवडतं. गोड लागलं म्हणाल्या.

मग काय. आय खुलली. कित्येक महिन्यांत ती तशी खुलली नव्हती. आपलं दिलेलं कुणाला तरी गोड लागलं. ती जास्त ठेवायला लागली. स्वतःच्या कालवणातले वाल कमी करून डब्यासाठी बाजूला काढायची. मी बघत होते. आणि घरी जाताना ते ओहोळात टाकतच होते.

संस्थेचा वर्धापनदिन आला. मंडपाची कामं निघाली आणि मला तीन दिवस पताका लावायला पाठवलं. वर आणखी एक मान मिळाला. लाभार्थ्यांच्या वतीनं कुणीतरी मनोगत वाचायचं असतं. मी बारावी झालेली, म्हणून मी. मनोगत माझं, पण लिहिलं ऑफिसनं. कागदावरचं पहिलं वाक्य होतं, "संस्था नसती तर आम्ही उपाशी मेलो असतो."

त्या तीन दिवसांत डबे दुसरीनं घासले. सतरा नंबरमध्ये रोज काहीबाही निघालं. वहिनींनी यावेळी ते टाकलं नाही. मॅडमना नेऊन दाखवलं.

कार्यक्रमात भाषणं झाली. मग मॅडमनी आयला स्टेजवर बोलावलं. आयला वाटलं सत्कार आहे. तिनं पदर नीट केला. टेबलावर एक थाळी होती, वर रुमाल. मॅडमनी रुमाल काढला. तांदळाची पुरचुंडी, वालाचे दाणे, तीन करांदे. थाळी उचलून त्यांनी लोकांना दाखवली.

मॅडम म्हणाल्या, आपण ज्यांना उपाशी समजून डबा देतो, त्यांच्या घरात वाटण्याइतकं धान्य आहे. हा डबा खऱ्या गरजूच्या तोंडचा आहे. ही फसवणूक आहे, पण आजी भोळ्या आहेत, आपण त्यांना माफ करू. आजपासून सतरा नंबर दुसऱ्या कुणाला देऊ. टाळ्या पडल्या.

आय थाळीकडं बघत होती. तिला फसवणूक वगैरे काही कळलं नव्हतं. ती माइकच्या बाजूला वाकून मॅडमना म्हणाली, "बाय, तुमाला आवडतं म्हनून ठेवत व्हते. माझी पोर बोलली."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, कान पकडा आजी.

माझ्या खोट्यानं आयला तिथं उभं केलं होतं. तिनं कान पकडले तेव्हा मला कळलं, की मी इतके दिवस करांदे टाकत नव्हते. मी हिला टाकत होते. वहिनींनी एकदा टाकलं, मी रोज टाकलं.

आयला खाली उतरवलं. लगेच माझं नाव पुकारलं. मनोगत.

मी माइकपुढं गेले. कागद उलगडला. उपाशी मेलो असतो, हे वाक्य वाचायला दोन सेकंद लागले असते. वाचलं असतं तर काम राहिलं असतं, कदाचित डबाही मिळाला असता. मॅडम मान हलवत होत्या, वाच, वाच म्हणून. मी कागदाची घडी घातली आणि त्या थाळीत ठेवली.

"मी वाचनार नाय. माझ्या आयला दिल्याशिवाय खाता येत नाय, म्हनून तिनं तुमचा डबा भरून पाठवला. तुमी तो कचऱ्यात टाकला. मी धुतलाय, मला म्हाईत हाय. आनि मी तिला खोटं सांगितलं. कान पकडायचे तर मी पकडते, पन आयपुढं. तुमच्यापुढं नाय."

माइक बंद केला होता. शेवटचं किती जणांना ऐकू गेलं, ठाऊक नाही. मी खाली उतरले, आयची काठी शोधली. ती कुणीतरी खुर्च्यांच्या मागं टाकली होती. आयला घेऊन घरी आले, ओहोळाचं सगळं सांगितलं आणि तिच्यापुढं कान पकडले. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. एवढंच म्हणाली, "वाल तरी व्हाळात नव्हते टाकायचे."

चौथ्या दिवशी टेम्पोवाला दारात. कार्यक्रमाच्या दिवसाचा डबा आमच्याकडं राहिला होता, तो न्यायला आला होता. वर निरोप होता. दोघींनी येऊन माफी मागितली तर मॅडम मोठ्या मनानं डबा पुन्हा सुरू करतील, मलाही कामावर घेतील.

आय म्हणाली, जाऊ. माफी मागितल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत. तिचं चुकीचं नव्हतं. मी आता धसईकडं भेंडी तोडायला जाते, उजाडायच्या आत निघते. दुपारी आय घरात एकटी असते. पलीकडची पारूबाय जमेल तेव्हा भाकरी देते. तिला जमलं नाही त्या दिवशी आय संध्याकाळपर्यंत पाण्यावर बसते. हे मला कळतं. संध्याकाळी तिच्याकडं बघितलं की लगेच कळतं.

टेम्पोवाला उंबऱ्याबाहेर थांबला. मी डबा घासला, फडक्यानं कोरडा केला. आय सरपटत कोपऱ्यातल्या वालाच्या डब्यापर्यंत गेली, मूठ भरली.

"रिकामा नको देऊ गो. मानसं हायेत ती."

मी तिची मूठ धरली. जोर लावून उघडली. आयवर असा हात मी कधी चालवला नव्हता. वाल परत वालाच्याच डब्यात ओतले. ते पारूबायच्या वाटीत जातील. मग सतरा नंबरचं झाकण लावलं आणि डबा टेम्पोवाल्याच्या हातात दिला. त्यानं सवयीनं हलवून बघितला. काही वाजलं नाही.

"मॅडमना काय सांगू?"

"डबा हलवून दाखव," मी म्हणाले.

आमच्या घरातून रिकामं भांडं गेलं ते पहिल्यांदाच. आय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिची माफी मागितली, त्यांची मागितलेली नाही. त्यांचं भांडं पुन्हा या दारात आलं, तर तेही रिकामंच जाईल.