शिधा

चिंचवडला आमच्या समोरच्या सदनिकेत एकटे राहणारे एक जपानी अभियंते चाकणच्या कारखान्यात काम करतात. मराठी ते तिथल्या कामगारांकडून शिकले, म्हणून माझ्यासारख्या पंचाहत्तरीच्या माणसालाही "काय राव काका!" अशी हाक मारतात. या देशाचे त्यांना रोज नवे नवल वाटते आणि त्याचे कारण ते मला जिन्यात विचारतात.

"ट्रकवाला मागं लिहितो, हॉर्न द्या. दिला की रागावतो. असं का, राव?"

त्यांनी मला तीनदा चहाला बोलावले. परान्न न घेण्याचा माझा नेम असल्याने प्रत्येक वेळी मी काही निमित्त सांगितले. चौथ्यांदा त्यांनी विचारले नाही.

गेल्या महिन्यात पत्नी रुग्णालयात होती; मला स्वयंपाक येत नाही, म्हणून मी दोन दिवस केवळ दुधावर काढले. तिसऱ्या दिवशी ते दारात आले. हातातल्या कोऱ्या ताटात तांदूळ, मूगडाळ, गूळ आणि तुपाची न उघडलेली बरणी होती.

"कारखान्यात कुरुळी गावचा एक भाऊ आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, असे काका दुसऱ्याचं शिजवलेलं खात न्हाईत, शिधा द्या. मी काही शिजवलं न्हाई, काका."

माझी निमित्ते त्यांनी केव्हाच ओळखली होती, आणि तरीही माझ्या नेमाचा मान राखला होता. मला मान वर करवेना.

"खिचडी येते का तुम्हाला?" मी विचारले.

"व्हय. जरा करपते."

"करपू द्या. तुमच्याच घरी टाका."

खिचडी खरोखरच करपली. मी ती दोनदा मागून घेतली.