शाळेच्या फाटकासमोरची बाई

हडपसरच्या त्या तक्रारीची आठवण आली की अजूनही हायसं वाटतं.

एक गृहस्थ माझ्या पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज घेऊन आले. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीवर कुणी बाई शाळेबाहेर पाळत ठेवते, असं रखवालदाराने त्यांना सांगितलं होतं. मुलं पळवण्याच्या अफवांचे दिवस होते. मी साध्या वेशातल्या दोन महिला शिपाई फाटकाजवळ नेमल्या. शाळा सुटताना बाई आली आणि ताब्यात आली.

चौकशीत तिने नाव सांगितलं, जवळच्या मांजरी गावात राहते म्हणाली. पुढे मात्र तोंड उघडेना. अट्टल गुन्हेगार खोटं तरी बोलतो. ही नुसती खाली बघत होती.

“पोरीला लांबून बघते, साहेब. का, ते सांगता येणार न्हाय. शब्द दिलाय.”

ओळख पटवण्यासाठी मी मुलीच्या आईवडिलांना बोलावलं. बाईला पाहताच वडिलांचा चेहरा उतरला. मुलगी दत्तक होती आणि ही तिची जन्मदाती. दत्तकपत्रावर सह्या झाल्या, त्या दिवशी पुन्हा भेटायचं नाही असं ठरलं होतं.

“हिला शाळेचा पत्ता कुणी दिला?” त्यांनी विचारलं.

“मी दिला,” त्यांची पत्नी म्हणाली. “अहो, पोर मला विचारते, माझी आई कशी दिसते. मी काय सांगू तिला? आणि ह्या बाईंना तरी कळायला नको का, पोर सुखात आहे ते?”

शेवटी वडिलांनी अर्ज मागे घेतला. गुन्हा दाखल झालेला नव्हता. मी सुटकेचा निःश्वास टाकला. एका समुपदेशक बाईंशी तिघांची गाठ घालून दिली. समुपदेशक बाईंनी आधी मुलीची इच्छा विचारली, मग भेट ठरवली.

पुढे एका रविवारी वडिलांचा फोन आला. “त्या आल्या होत्या. मुलगी दोघींच्या मध्ये बसून जेवली.”

“आणि आपण?”

“मी वाढत होतो.”

समोरचा गप्प बसला की काहीतरी लपवतोय, हे मी नोकरीभर धरून चाललो. लपवलेलं दर वेळी पापच असतं असं नाही, हे त्या बाईने शिकवलं. तेव्हापासून गप्प माणसासमोर आवाज चढवण्याआधी मी त्याला पाणी देत असे.