शेपूट झडण्याआधी

"बेडकाची काही पिल्लं आईच्या शिदोरीवरच पोहतात," सर म्हणाले आणि हातातला खडू त्यांनी माझ्याकडे रोखला. "शिदोरी संपली, की शेपूट झडायच्या आत मरतात. आपल्याकडचे हे फी माफीवर शिकणारे फ्रीशिपवाले तसेच."

वर्ग हसला. नगरच्या कॉलेजातला बीएस्सीचा वर्ग. दुष्काळाचं साल. आमच्या वस्तीतून आलेली मी एकटी.

धडा बेडकाच्या वाढीचा होता. पेशीच्या केंद्रकात आरएनए आधी लांबलचक तयार होतं. मग ते कापलं जातं, छाटलं जातं, आणि उरलेल्या तुकड्यांतून प्रथिनं घडवणारी यंत्रं उभी राहतात. काही पिल्लांत हे आरएनए बनतच नाही. आईनं अंड्यात भरून ठेवलेल्या यंत्रांवर ती थोडे दिवस जगतात. किती सुंदर गोष्ट होती ती. सरांनी तिची घाण केली.

शिदोरीचं त्यांनी उगाच काढलं नव्हतं. माझा डबा गावाकडून, सोनईहून एसटीनं यायचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिथं मजुरांना मिळणारी सुकडी, पीठ-गुळाचं कोरडं खाणं, स्वतः न खाता मला धाडायची. डबा उघडला की शेजारच्या मुली उठून जायच्या. नको पाठवूस म्हटलं, तर आई म्हणाली, "माझं काय, मी हातानं काम करती. तुला डोक्यानं करायचं हाय. खा गप."

तासानंतर प्रॅक्टिकल. बेडकाला हात लावायची सगळ्यांना किळस. पहिल्या वर्षापासून सगळ्यांचे बेडूक मीच धरायचे. तुम्हा लोकांना सवय असते, असं सर म्हणायचे. माझ्या हातातला बेडूक त्यांना चालायचा. माझ्या हातचं पाणी मात्र चालत नव्हतं.

"चल, धर," सर म्हणाले.

मी हात मागे घेतले. "ज्याचा बेडूक त्यानं धरावा, सर. मी फक्त माझा धरणार."

"मग बाहेर हो."

मी बाहेर झाले नाही. टेबल सोडलं नाही. समोर एका बागायतदाराचा मुलगा रडवेल्या तोंडानं बेडूक चिमटीत पकडायला बघत होता. तो सारखा निसटत होता. मला त्या मुलाची जराही कीव आली नाही.

सर माझे मार्क कापणार, हे कळत होतं. कापू देत. आईची शिदोरी एक दिवस संपणार, हेही खरं. तिचे हात कधीतरी थकतील. तोवर माझं यंत्र मी उभं केलेलं असेल. मी मरणार नाही. आणि दुसऱ्या कुणाचा बेडूक या हातांत पुन्हा येणार नाही.